नाव मोठे, पण लक्षण कोणते?

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा भेटावयास आला. वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर गावी परतले आणि अखेरपर्यंत तेथेच पक्षाचे काम करीत राहिले. मुलगा जिल्ह्याच्या ठिकाणी एका सहकारी संस्थेत हिशेबनीस आहे. पतपेढीचे कर्ज काढून त्याने एका परदेशी विद्यापीठाची व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी दूरस्थ पद्धतीने मिळवली. मधल्या माणसाने सारी व्यवस्था लावून दिली होती. प्रमाणपत्र जाड कागदाचे, सोनेरी शिक्क्याचे आहे. बढतीच्या वेळी वरिष्ठांनी ते पाहिले आणि ही पदवी विचारात घेता येत नाही, असा शेरा मारून अर्ज परत केला. “सर, जाहिरातीत तर जागतिक कीर्तीचे विद्यापीठ असे लिहिले होते,” एवढेच तो बोलला.

त्याला धीर देण्यापलीकडे आम्ही फारसे काही करू शकलो नाही. प्रवेश घेण्यापूर्वी तो आला असता, तर मात्र सांगण्यासारखे पुष्कळ होते. त्याच्यासारखी शेकडो मुले-मुली आज त्याच उंबरठ्यावर उभी आहेत, म्हणून ते येथे सांगावयाचे आहे.

विद्यापीठाची कीर्ती, त्याची कायदेशीर मान्यता आणि त्याच्या अध्यापनाची प्रत या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कीर्ती लोकांच्या मनात असते, मान्यता कायद्याच्या कागदावर असते, आणि अध्यापनाची प्रत विद्यार्थ्याला रोजच्या अभ्यासात अनुभवास येते. पदव्यांचा व्यापार चालतो तो या तिन्हींची सरमिसळ करून. कीर्ती दाखवायची, मान्यता आहे असे भासवायचे, आणि अध्यापनाविषयी मौन पाळायचे, ही त्याची रीत. विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालय, सहाध्यायी, वादविवाद यांचा तरी लाभ होतो. घरी बसून शिकणाऱ्याच्या हाती तीनच गोष्टी पडतात : पाठवलेले शिक्षण, घेतलेली परीक्षा आणि शेवटचे प्रमाणपत्र. म्हणून त्याने विद्यापीठाची पारख या तिहींवरूनच केली पाहिजे.

दूरस्थ शिक्षणाला प्रतिष्ठा कशी मिळाली, याचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. लंडन विद्यापीठाला १८३६ साली सनद मिळाली. १८५८ च्या नव्या सनदेने पदवीसाठी संलग्न महाविद्यालयात हजर राहण्याची अट बहुतेक विषयांपुरती काढून टाकली, आणि बहिःस्थ परीक्षार्थी नावाचा वर्ग जन्माला आला. स्त्रियांसाठी हे दार १८७८ साली उघडले. नॉटिंगहॅम, साउदॅम्प्टन, लेस्टर येथील महाविद्यालयांना स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळेपर्यंत तेथील विद्यार्थी लंडनच्याच परीक्षेस बसत, आणि कोलंबोच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले विद्यार्थीही. आमचे मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेही लंडनच्या नमुन्यावरच : स्वतः न शिकवणारे, केवळ परीक्षा घेणारे. लंडनच्या बहिःस्थ पदवीला मान मिळाला तो परीक्षा सैल नव्हती म्हणून. पुढे रॉबेन बेटावरील तुरुंगातून नेल्सन मंडेला यांनी याच विद्यापीठाच्या कायद्याच्या अभ्यासक्रमास नाव घातले. त्यांना कायद्याची पदवी मिळाली ती मात्र १९८९ साली, दक्षिण आफ्रिकेच्या पत्रद्वारा शिकवणाऱ्या विद्यापीठाकडून. बंदिवानालाही तीच कसोटी आणि तोच मान, हे तत्त्व येथे प्रथम रुजले. अर्थात या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. परीक्षा विद्यापीठाची, पण शिकण्याची सोय ज्याची त्याने पाहावयाची. ज्याच्याजवळ शिकवणी लावण्याइतका पैसा वा स्वतः धडपडण्याचे बळ नाही, तो वाटेतच गळे.

ती उणीव भरून काढण्याचे श्रेय ब्रिटिश मजूर पक्षाचे आहे. १९६३ च्या सप्टेंबरात ग्लासगो येथील भाषणात हॅरॉल्ड विल्सन यांनी नभोवाणी व दूरचित्रवाणीद्वारे चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. खाणकामगाराची मुलगी असलेल्या मंत्री जेनी ली यांनी ती चिकाटीने तडीस नेली. मुक्त विद्यापीठास १९६९ मध्ये सनद मिळाली व जानेवारी १९७१ पासून अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वीच्या परीक्षेची अट नव्हती, पण बाहेर पडताना कसोटी पुरी होती. तज्ज्ञांच्या गटांनी पाठ्यसाहित्य रचले. प्रत्येक विद्यार्थ्यास मार्गदर्शक नेमून दिला, आणि तो स्वाध्याय तपासून त्यावर लेखी अभिप्राय देई. उन्हाळी वर्ग भरत. परीक्षांवर अन्य विद्यापीठांच्या परीक्षकांची नजर असे. हुजूर पक्षीयांनी या कल्पनेची टवाळी केली होती. त्याच ब्रिटनमध्ये २००५ साली विद्यार्थ्यांच्या समाधानाचे पहिले राष्ट्रीय सर्वेक्षण झाले, तेव्हा मुक्त विद्यापीठ अग्रभागी होते.

आता गंमत पाहा. ब्रिटिश वृत्तपत्रे विद्यापीठांच्या ज्या क्रमवार याद्या छापतात, त्यांतील अनेकींत या विद्यापीठाला जागाच नसते. कारण प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे पूर्वीचे गुण तेथे मोजले जातात, आणि येथे तर दार सर्वांना उघडे! ज्या गुणामुळे समाजवाद्यांनी ही संस्था उभारली, तोच गुण यादीत अवगुण ठरतो.

जागतिक क्रमवाऱ्यांची कथा निराळी नाही. क्यूएस या संस्थेच्या अलीकडच्या पद्धतीत शंभरपैकी ४५ गुण केवळ ख्यातीच्या सर्वेक्षणांना आहेत : ३० प्राध्यापकांच्या मतांना व १५ नोकरी देणाऱ्यांच्या मतांना. २००३ पासून निघणाऱ्या शांघायच्या यादीत माजी विद्यार्थ्यांना व अध्यापकांना मिळालेली नोबेल पारितोषिके मोजली जातात. त्या त्या कामापुरते हे मापन उपयोगी असेलही. पण नोबेल विजेत्याची प्रयोगशाळा विद्यापीठात आहे म्हणून सांगलीच्या हिशेबनिसाने पाठवलेला स्वाध्याय कोण तपासणार, या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही. श्रीमंत देशांतील जुन्या, धनाढ्य संस्थांना वारशाने मिळालेले भांडवल म्हणजे कीर्ती. तिच्यावर व्याज मिळते ते संस्थेला, विद्यार्थ्याला नव्हे.

या भांडवलाचा आज सरळ व्यापारही होतो. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या समाजकार्य विषयातील ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क एक लाख डॉलरहून अधिक होते, आणि त्यातील सुमारे साठ टक्के वाटा विद्यार्थी मिळवून देणाऱ्या व अभ्यासक्रमाची यंत्रणा चालवणाऱ्या टूयू नावाच्या खाजगी कंपनीकडे जाई. याच कंपनीने २०२१ मध्ये हार्वर्ड व एमआयटी यांनी उभारलेले एडएक्स ८० कोटी डॉलरना विकत घेतले आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले. म्हणजे दुकानावरची पाटी विद्यापीठाची, आणि गल्ला बहुतांशी दुसऱ्याचा. बड्या नावाने ज्ञान आपोआप पोचत नाही, हेही दिसून आले आहे. हार्वर्ड व एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एक अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्या शंभरांतील जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला.

हे झाले खऱ्या विद्यापीठांविषयी. खोट्यांची दुनिया याहून वाईट आहे. कराचीतील अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचा प्रकार मे २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघडकीस आणला. कोलंबियाना, बार्कली अशी कानाला ओळखीची वाटणारी नावे घेऊन शेकडो संकेतस्थळांवरून पदव्या विकल्या जात होत्या. अमेरिकेतील स्पोकेन शहरातून चालणाऱ्या ‘सेंट रेजिस’ या पदव्यांच्या दुकानाने तर लायबेरियाच्या अधिकाऱ्यांना लाच चारून त्या देशाची मान्यताच पदरात पाडून घेतली होती. २००५ मध्ये तेथे छापे पडले आणि २००८ मध्ये चालकांना शिक्षा झाल्या. धडा असा की, ‘आम्ही मान्यताप्राप्त आहोत’ हे वाक्य अपुरे आहे. कोणाची मान्यता, आणि ती देणाऱ्याला तो अधिकार कोणी दिला, हे दोन प्रश्न त्याला जोडलेच पाहिजेत. अमेरिकेत मान्यता देतात त्या खाजगी संस्था. त्यांतल्या ग्राह्य कोणत्या, हे केंद्रीय शिक्षण खाते व उच्च शिक्षण मान्यता परिषद ठरवते. हे ठाऊक असल्यामुळेच तेथे खोट्या विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या खोट्या संस्थाही निघाल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९८८ च्या शिक्षण कायद्याने अधिकार नसताना पदवी देऊ करणे हा गुन्हा ठरवला असून, अधिकृत संस्थांची यादी शासन प्रसिद्ध करते. विद्यापीठाच्या स्वतःच्या माहितीपत्रकावर नव्हे, तर अशा यादीवर विसंबावे.

मान्यता खरी ठरली म्हणजे काम संपत नाही. पुढचे प्रश्न अध्यापनाचे. स्वाध्याय कोण तपासतो, आणि केवळ गुण देतो की चूक दाखवून देतो? परीक्षा कोठे, कोणाच्या देखरेखीखाली होते? आवारातील विद्यार्थ्याला आणि दूरस्थ विद्यार्थ्याला मिळणारी पदवी एकच की निराळी? प्रवेश घेणाऱ्यांपैकी कितीजण अखेरपर्यंत टिकतात? मध्येच सोडावे लागले तर शुल्क परत मिळते काय? मधल्या कंपनीचा वाटा किती? चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. तिची उत्तरे छापील नियमांतच सापडतात. वयाचा व अनुभवाचा हवाला घेऊन परीक्षेवाचून पदवी देणाऱ्या, आणि ‘आजच पैसे भरा, उद्या सवलत नाही’ म्हणणाऱ्या संस्थेची पुढे चौकशी करण्याचीही गरज नाही.

शेवटचा प्रश्न आपल्या देशातला आहे, आणि आमच्या हिशेबनिसाचा घात येथेच झाला. परदेशात वैध असलेली पदवी येथे नोकरीसाठी वा पुढील शिक्षणासाठी ग्राह्य धरली जाईलच असे नाही. भारतीय विद्यापीठ संघ समकक्षता देताना वर्षानुवर्षे प्रत्यक्ष उपस्थितीच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा आग्रह धरीत आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला, की आयोगाची मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून शिक्षणकंपन्या ज्या पदव्या देऊ करतात, त्या ग्राह्य नाहीत. २०२५ च्या एप्रिलमध्ये आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम जारी केले. त्यांत भाडेतत्त्वावर नाव वापरून चालवलेल्या अभ्यासक्रमांना स्थान नाही, आणि वैद्यक, कायदा, वास्तुशास्त्र असे विषय त्या त्या परिषदांच्या अखत्यारीत राहिले आहेत. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाचे नाव आणि शिकवण्याची पद्धत स्पष्ट लिहून आयोगाकडे व नोकरी देणाऱ्या संस्थेकडे लेखी विचारणा करावी. मधल्या माणसाचे तोंडी आश्वासन हे उत्तर नव्हे.

या साऱ्याचा अर्थ परदेशी विद्यापीठांकडे पाठ फिरवावी असा नाही. ज्ञानाला सरहद्द नसते, आणि ज्याला पदवीचा हव्यास नाही, केवळ विषय शिकावयाचा आहे, त्याने खुशाल जगभरचे वर्ग ऐकावेत. पण नोकरीतल्या एका पायरीसाठी कर्ज काढणाऱ्या तरुणाची गोष्ट वेगळी. तो परदेशी नावाकडे का ओढला जातो? ‘बाहेरून पदवी घेतली’ हे वाक्य आपल्याकडे अजून हिणवण्याच्या सुरात उच्चारले जाते, म्हणून. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. कायद्याने दिलेली ही बरोबरी समाजाच्या मनात उतरावयाची, तर या विद्यापीठांना अध्यापक, अभ्यासकेंद्रे आणि वेळेवर तपासलेले स्वाध्याय द्यावे लागतील. ब्रिटिश मुक्त विद्यापीठाची प्रतिष्ठा जाहिरातीतून आली नाही. सार्वजनिक पैसा आणि कडक कसोटी यांतून ती आली. २०१२ नंतर इंग्लंडमध्ये शुल्कवाढीचे धोरण आले, तेव्हा अर्धवेळ शिकणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. राज्यसंस्थेने हात काढून घेतला की उघडे दारही मिटू लागते, हे त्यावरून शिकण्यासारखे आहे.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. शासनाने परदेशी दूरस्थ पदव्यांविषयी मराठीत, जिल्हा पातळीवर विनामूल्य सल्ला मिळेल अशी व्यवस्था करावी, आणि राज्याच्या मुक्त विद्यापीठाला त्याच्या कामाच्या प्रमाणात पैसा द्यावा. कार्यकर्त्यांनी तोवर वाट पाहू नये. आपल्या शाखेत कोणी तरुण चकचकीत माहितीपत्रक घेऊन आला, तर त्याच्याबरोबर तासभर बसावे. अधिकार कोणाचा, शिकवतो कोण, परीक्षा कशी, पैसा कोणाकडे, आणि येथे किंमत काय, हे पाच प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे लेखी मागवावीत.

आमच्या त्या हिशेबनिसाच्या कर्जाचे हप्ते अजून सुरू आहेत. जाताना त्याने नाशिकच्या अभ्यासक्रमांची माहिती विचारून घेतली. वडिलांनी संपात सारे गमावूनही संघटनेवरचा विश्वास गमावला नाही. मुलाचा शिक्षणावरचा विश्वास शाबूत राहावा, ही जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही.