अतिसार आणि औषधाची परीक्षा

पिंपरी म्हटलें कीं आज मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु औद्योगिक पिंपरीच्या आरंभकाळांत मानाचें स्थान होतें तें एका औषधाच्या कारखान्याचें. भारत सरकारनें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५४ सालीं येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापिला, आणि पुढच्याच वर्षीं येथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. जखमा, न्यूमोनिया इत्यादिकांवर या औषधानें जें यश मिळविलें त्यामुळें घरोघर एक समज रूढ झाला, कीं रोग कोणताहि असो, प्रतिजैविक दिलें कीं तो हटलाच. हा समज किती अपुरा आहे हें लहान मुलांच्या अतिसारावरून चांगलें कळून येतें. कारण ज्या पेनिसिलीननें पिंपरीचें नांव झालें, तें मूळ पेनिसिलीन विषमज्वराच्या व आमांशाच्या जंतूंपुढें बहुतांशीं निष्प्रभच ठरतें.

प्रथम एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. मुलांचे पुष्कळसे अतिसार विषाणूंमुळें होतात, आणि विषाणूंपुढें प्रतिजैविकांची मात्रा मुळींच चालत नाहीं. अशा वेळीं जिवास खरा धोका असतो तो अंगांतील पाणी व क्षार निघून जाण्याचा. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धकाळांत बनगांवच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचें प्रमाणबद्ध पाणी पाजून अनेकांचे प्राण वाचविले. आजहि क्षारजल, अंगावरचें दूध किंवा नेहमींचा आहार, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें दहा ते चौदा दिवस जस्ताचें औषध, हाच मुख्य उपचार होय. अशा साध्या जुलाबांत प्रयोगशाळेचीहि सहसा गरज पडत नाहीं.

तथापि शौचावाटें रक्त पडूं लागलें, पटकीचा संशय आला, किंवा ताप चढत राहून विषमज्वराची शंका आली, तर प्रतिजैविक द्यावें लागतें. मग तें कोणतें, हा प्रश्न उभा राहतो. जंतूचें नांव कळलें म्हणजे उत्तर मिळालें असें नाहीं. कारण एकाच जातीचा जंतु एका मुलाच्या पोटांत ज्या औषधानें मरतो, त्याच औषधास दुसऱ्याच्या पोटांत दाद देत नाहीं. याचा निर्णय प्रयोगशाळेंत होतो. शौचाचा, विषमज्वराच्या संशयांत रक्ताचा, नमुना पोषक द्रव्यांत घालून सुमारें ३५ अंश उष्णतेंत ठेवितात. वाढलेल्या जंतूंतून रोगकारक जंतु निवडून त्याची ओळख पटवितात. मग त्याचा पातळ थर दुसऱ्या थाळीवर सारखा पसरून, त्यावर निरनिराळीं औषधें शोषविलेल्या कागदाच्या लहान चकत्या मांडतात. दुसऱ्या दिवशीं पाहावें तों कांहीं चकत्यांभोंवतीं स्वच्छ वर्तुळ पडलेलें असतें. तेथें जंतु वाढलेला नसतो. इतर ठिकाणीं तो चकतीच्या कडेपर्यंत बिनदिक्कत वाढलेला दिसतो. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरांत मोजून ठरीव कोष्टकाशीं ताडतात. नुसतें वर्तुळ दिसलें एवढ्यावरून औषध लागू पडेल असें म्हणत नाहींत. या पद्धतीस बॉअर, कर्बी आदि अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं निश्चित रूप दिलें. एकंदर कामास दोन-तीन दिवस तरी लागतात.

जंतु असे निर्ढावतात कसे? औषधानें दुबळे जंतु मरतात, आणि ज्यांच्या अंगीं त्यास तोंड देण्याची शक्ति असते तेच उरून वाढतात. १९५० नंतरच्या दशकांत जपानांत आमांशाच्या जंतूंविषयीं जें संशोधन झालें, त्यानें याहून विलक्षण गोष्ट उघडकीस आणली. अनेक औषधांना दाद न देण्याचा गुण एक जंतु शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूसहि देऊं शकतो. म्हणजे अनावश्यक औषधानें आंतड्यांतील निरुपद्रवी जंतु आज निर्ढावले, तर उद्यां तेच ही विद्या रोगजंतूस शिकवितात.

आमच्या एकत्र कुटुंबांत येथेंच जपावें लागतें. थोरल्या जावेच्या मुलासाठीं आणलेली बाटली अर्धी उरते, फडताळांत राहते, आणि धाकटीच्या बाळास जुलाब होतांच कोणी वडील माणूस मायेपोटीं दोन चमचे पाजतें. पाणी घालून तयार केलेलें असें औषध थोड्याच दिवसांत निकामी होतें, हें एक. दुसरें असें, कीं त्या दोन चमच्यांनीं जंतु पुरते मरत नाहींत, पण नमुन्यांत ते नीट वाढेनासे होतात आणि परीक्षा फसते. म्हणून डॉक्टरांनीं नमुना मागितला तर तो पहिल्या मात्रेपूर्वींच स्वच्छ डबींत घेऊन त्वरित पोंचवावा. आधीं कांहीं पाजलें असल्यास तें निःसंकोच सांगावें. निकालासाठीं उपचार मात्र खोळंबवूं नयेत. बाळाचे डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा तें सुस्त पडलें, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. डॉक्टर प्रथम अनुभवानें औषध योजतील, आणि निकाल हातीं आल्यावर जरूर तर बदलतील.

आधीं रोगाची परीक्षा, मग औषधयोजना, हा क्रम चरकसंहितेसहि मान्य आहे. आतां रोगाबरोबर औषधाचीहि परीक्षा होऊं लागली, इतकाच फरक. तेव्हां घरांत पुढचा जुलाब होण्याची वाट न पाहतां वाचकांनीं आजच फडताळ उघडून उरल्यासुरल्या बाटल्या पाहाव्या, एवढीच आमची विनंती आहे.