दोन थेंबांसाठी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


माझ्या आत्याचा मोतीबिंदू एका शिबिरात काढला. गुरुवारी ऑपरेशन, शुक्रवारी पट्टी सोडून, काळा चष्मा लावून एसटीनं घरी. शनिवारी रात्री डोळा ठणकायला लागला. शिबिरात दिलेल्या कागदावरचा फोन कुणी उचलेना. शेजारीण म्हणाली, "थोडं दुखतंच, ड्रॉप घाला." घातले. सोमवारी तिला बोटं मोजता येईनात. समोर हात हलवला तर तेवढा कळायचा. मंगळवारी शहरात पोहोचलो तेव्हा टॉर्चचा नुसता उजेड उरला होता. बुबुळापुढे, तळाशी, पांढरा पू साचलेला मलाही दिसत होता.

डोळ्याच्या आतल्या या जंतुसंसर्गाला एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. मोतीबिंदूनंतर हजारात एखाद्याला होतो. जंतू बहुतेकदा पेशंटच्याच पापण्यांवरचे. म्हणून तर ऑपरेशनआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन घालतात. सगळं नीट करूनही एखादी केस होते, त्यासाठी सर्जनच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण एकाच दिवसाचे डोळे रांगेनं जायला लागले, की सलाइन, औषधं, हत्यारं यांचीच झडती घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुजफ्फरपूरला एका दिवसात ६५ ऑपरेशनं उरकली. त्यातले दहाहून जास्त डोळे काढून टाकावे लागले.

ड्रॉप आतवर पुरेसे पोहोचत नाहीत. औषध डोळ्याच्या आतच टोचावं लागतं: व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम, प्रत्येकी ०.१ मिली. दोन-दोन थेंब म्हणा ना. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानं १९९५ मध्येच सांगितलं, की हलणारा हात दिसतोय तोवर या इंजेक्शनवर भागतं. नुसता उजेड उरला, की व्हिट्रेक्टॉमीचं मोठं ऑपरेशन करण्यात फायदा. आत्यानं ही रेघ सोमवार-मंगळवारच्या मधे ओलांडली. आम्ही घरीच होतो.

साहेब, शिबिराला परवानगी देताना किती ऑपरेशनं करणार, एवढंच विचारू नका. रविवारी रात्री फोन कोण उचलणार आणि जिल्ह्यात हे इंजेक्शन कोण देणार, ती दोन नावं आधी लिहून घ्या. तीच पेशंटच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापायला लावा.

आत्याच्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. ती ऑपरेशनला तयार नाही.

आपला,
एक भाचा