बारा परीक्षक

मोबाइलसाठीं अ‍ॅप रचण्याचा छंद हल्लीं शाळकरी मुलांसही जडूं लागला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांस गूगल प्लेचा असा नियम आहे कीं, अ‍ॅप सर्वांस खुलें करण्यापूर्वीं त्याची बीटा आवृत्ति निदान १२ परीक्षकांनीं सलग १४ दिवस चांचणीसाठीं घेतलेली असावी.

कित्येकांस हा नियम जाचक वाटतो; ते स्नेह्यांचीं नांवें नुसतीं भरतात, किंवा पैसे देऊन परीक्षक मिळवितात. आमच्या मतें ही आत्मवंचना होय. नांवें बारा भरलीं, पण अ‍ॅप कोणीं वापरलेंच नाहीं, तर दोष तसेच राहतात व पुढें अनोळखी माणसास भोवतात.

जुना फोन वापरणारी आजी, बारीक अक्षर न दिसणारे काका, हेच खरे परीक्षक. त्यांजकडून स्तुतीची अपेक्षा न धरितां "कोठें अडलें?" असें विचारावें, दोष टिपून, सुधारून, नवी आवृत्ति पुन्हां त्यांच्याच हातीं द्यावी.

असें खातें १८ वर्षांखालील मुलास उघडतां येत नाहीं. तें वडील माणसाच्याच नांवें असावें लागतें. तेव्हां ज्या खात्यावर आपलें नांव आहे, त्यावरील अ‍ॅप पालकांनीं स्वतः वापरून पाहावें, आणि कौतुकाबरोबर दोषही स्पष्ट सांगावे.