दुपारच्या सुटीतला इतिहास

वस्तुसंग्रहालयाने दुपारच्या जेवणाच्या सुटीत मोफत व्याख्याने ठेवावीत, ही प्रथा विलायतेत रुळलेली आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये कचेरीतला माणूस त्या वेळात दालनात येतो, जाणकाराचे बोलणे ऐकतो आणि कामावर परततो. मुंबईतल्या संग्रहालयांनीही स्थानिक इतिहासावर अशी व्याख्याने नेमाने ठेवावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ही सूचना केली की आमचे काही सुशिक्षित मित्र दोन आक्षेप घेतात.

फुकटच्या व्याख्यानाला किंमत नसते, हा पहिला आक्षेप. कीर्तनाला कोणी कधी तिकीट लावले होते? न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने पिढ्यानपिढ्या श्रोते घडवले. या आक्षेपावर याहून अधिक शाई खर्च करण्याची आमची इच्छा नाही.

दुसरा आक्षेप अधिक घातक आहे. ‘स्थानिक’ म्हणजे फोर्ट, गिरगाव, भायखळा. ठाणे जिल्ह्यातल्या रानावनाशी शहराच्या संग्रहालयाचा काय संबंध, असे विचारले जाते. विचारणाऱ्याने नळ उघडून पाहावा. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला मिळते आहे आणि भातसाचे धरणही शहापूर तालुक्यातलेच. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, हा मुंबईचा स्थानिक इतिहास नव्हे काय?

आणि मुरबाडचा सिद्धगड? माथेरानला १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे व्यवसायाने वकील. ऑगस्ट १९४२ मध्ये गोवालिया टँकवर ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि या वकिलाने भूमिगत होऊन आझाद दस्ता उभा केला. दस्त्याने सह्याद्रीतून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. ज्या विजेवर गिरण्या आणि युद्धकाळातले कारखाने चालत, तिच्यावरच हा घाव होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले. त्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील यांनी प्राण ठेवले. गोवालिया टँकवर उच्चारलेल्या शब्दाची किंमत सिद्धगडाच्या रानात मोजली गेली. तरी एक इतिहास शहराचा आणि दुसरा ‘ग्रामीण भागाचा’, अशी वाटणी केली जाते.

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा पाषाणाचा हत्ती उभा आहे. शहराच्या चौकांतून हलवलेल्या इंग्रजी अमदानीतल्या पुतळ्यांनाही तिथे आसरा मिळाला. मिळो बापडा, पुतळ्यांशी आमचे वैर नाही. पण ज्यांची सत्ता गेली त्यांच्यासाठी जागा निघते, तर ती घालवण्यासाठी जे रानात मेले त्यांच्यासाठी दुपारचा अर्धा तास निघू नये?

हे व्याख्यान मराठीतच झाले पाहिजे. बोलायलाही केवळ प्राध्यापक नकोत. या डोंगराच्या कुशीतल्या ठाकर, महादेव कोळी व कातकरी वस्त्यांत ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्या दिवसांविषयी ऐकले, त्यांना मानाने बोलवावे. येण्याजाण्याचे भाडे व दिवसाची मजुरी संग्रहालयाने द्यावी. श्रोत्याला मोफत म्हणून वक्त्यालाही फुकट राबवायचे, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. आणि घाई करावी. ज्याने १९४३ साली दहाव्या वर्षी गोळीबाराची बातमी ऐकली असेल, त्याने आज नव्वदी ओलांडली आहे.

शिवाय मुंबईतले मोफत व्याख्यान मुरबाडच्या माणसाला मोफत पडत नाही. एसटीचे तिकीट, लोकलचे तिकीट आणि बुडालेला रोज त्यात धरावा लागतो. म्हणून वर्षातली काही व्याख्याने संग्रहालयाने आपल्या खर्चाने इकडे आणावीत. पौषी पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, बैल आणि घोंगड्या घ्यायला गावोगावचे लोक येतात. तिथे एक मंडप घालावा. २ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला माणसे सिद्धगडावर जमतात. तिथे भाषणे पुढाऱ्यांची होतात; त्यांच्या आधी अर्धा तास संग्रहालयाच्या अभ्यासकाला द्यावा. दुपारच्या सुटीचा आग्रह मात्र तिथे नको. लोक पहाटेच येतात.