घशातील पहारेकरी

साधी सर्दी झाली, अंग जरा कणकणले, की औषधाच्या दुकानात जायचे आणि 'दोन दिवसांच्या कॅप्सुली द्या' म्हणायचे, ही आपली रीतच होऊन बसली आहे. माझे गाव बुऱ्हाणपूर, तापीकाठचे, यंत्रमागांचे. तेथे हेच पाहतो आणि आपल्या वसतिगृहातही हेच. प्राध्यापकांच्या खोलीत काही निराळे चालते असे विद्यार्थ्यांनी समजू नये! या रीतीला माझा विरोध आहे. त्याचे कारण मात्र जंतूंच्या आपसांतल्या भांडणात शोधावे लागते.

बुऱ्हाणपूर १९१८ साली मध्यप्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होते. मुंबईहून इटारसीकडे जाणारा लोहमार्ग गावाजवळूनच जातो आणि इन्फ्लुएन्झाची साथ देशभर पसरली ती मुख्यतः अशा लोहमार्गांनीच. जूनमध्ये मुंबईत शिरलेली साथ सप्टेंबरात पुन्हा उसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. मध्यप्रांत व वऱ्हाड हा तर देशात सर्वाधिक होरपळलेल्या मुलखांपैकी एक. देशातील एकूण बळींचा अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत केला जातो.

ही माणसे कशाने मेली? फ्लूने, असे आपण सहज म्हणतो. परंतु २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी त्या साथीतील सैनिकांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले नमुने तपासले आणि आठ हजारांवर शवविच्छेदनांचे जुने अहवाल चाळले. बहुतेक ठिकाणी जीवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया आढळला. विषाणूने दार फोडले, घर लुटले ते मागून शिरलेल्यांनी. श्वासनलिकेतील घाण वर लोटणाऱ्या केसाळ पेशी विषाणू मारतो, पेशींवरील शर्करेचे आवरण खरवडतो, आणि ती सुटी झालेली शर्करा न्यूमोनियाच्या जंतूला आयते खाद्य होते.

हे मागून शिरणारे जंतू बहुधा बाहेरून येत नाहीत. त्यांतले पुष्कळसे आपल्या नाकाघशात आधीपासूनच बिऱ्हाड करून असतात. मग एरवी ते गप्प का? शरीराची प्रतिकारशक्ती हे मुख्य उत्तर. पण शेजारीपाजारीही त्यांना डोके वर काढू देत नाहीत, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. न्यूमोनियाचा जंतू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून शेजाऱ्यांना जाळतो. आतड्यातला ई. कोलाय कोलिसिन नावाचे विष करतो. १९२५ साली आंद्रे ग्राशिया यांनी ते शोधले. ते बाहेर टाकताना विष करणारी पेशी स्वतःच फुटून मरते आणि तिच्या भाऊबंदांजवळ मात्र त्यावरचा उतारा असतो! पटकीच्या जंतूजवळ तर शेजाऱ्याच्या अंगात विष खुपसणारा भालाच आहे. तो २००६ मध्ये उजेडात आला. आणि २०१६ साली जर्मनीत असे दिसले की, ज्यांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिस हा जंतू राहतो त्यांच्यात पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस सुमारे सहापटीने कमी आढळतो. लुग्डुनिन हे त्याचे शस्त्र.

आपली औषधे तरी कोठून आली? याच लढाईतून उसनी आणलेली. पेनिसिलिन हे बुरशीचे शस्त्र. गंमत अशी की, फायफर यांनी १८९२ मध्ये ज्या जंतूला चुकून फ्लूचे कारण ठरवले, तो इतर जंतूंच्या गर्दीतून वेगळा काढायला पेनिसिलिन उपयोगी पडते, हे फ्लेमिंग यांनी १९२९ च्या आपल्या निबंधाच्या मथळ्यातच सांगितले होते. फ्लूचा खरा विषाणू माणसात सापडला तो १९३३ साली. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही १९६१ साली मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळाले. त्या सूक्ष्मजीवाच्या नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

एका सहकाऱ्यांनी मला विचारले, "जीव घेतात जीवाणू, तर मग फ्लू होताच कॅप्सूल घेतलेली काय वाईट?" प्रश्न बिनतोड वाटतो. पण फ्लूच्या विषाणूला ती कॅप्सूल काही करत नाही. ती मारते घशातल्या दुबळ्या शेजाऱ्यांना, म्हणजे पहाऱ्यावरच्यांना. आणि जो औषधाला दाद देत नाही त्याला सगळी आळी मोकळी मिळते. उद्या खरोखर न्यूमोनिया झाला तर तो याच दांडग्याचा असायचा, आणि तेव्हा तीच कॅप्सूल पाण्यात! औषधच घेऊ नये असे मी म्हणत नाही. ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागली, छातीत दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि त्यांनी प्रतिजैविक दिले तर ते सांगितल्याप्रमाणे घ्यावे. घरात वृद्ध असतील तर फ्लूच्या लसीविषयीही विचारावे.

कायदा आहे. २०१४ च्या मार्चपासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची दुकानदाराने वेगळी नोंद ठेवायची असते आणि चिठ्ठीवाचून ती द्यायची नसतात. पाकिटावर लाल रेघही असते. गेल्या सुटीत बुऱ्हाणपुरात एका दुकानदाराला मी ती रेघ दाखवली. तो बिचारा हसून म्हणाला, "सर, मी नाही दिली तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाईल." त्याचे खोटे नव्हते. म्हणून मी दुकानदारापेक्षा गिऱ्हाइकाशी भांडतो, आणि या अंकाचे वाचक, मराठी काय नि कन्नड काय, सगळे गिऱ्हाईकच आहेत. वसतिगृहाच्या औषधपेटीत कोणीतरी अर्धवट टाकलेल्या कॅप्सुलींच्या पट्ट्या पडून आहेत. त्या या आठवड्यात बाहेर काढाव्यात, अशी रेक्टरांना माझी विनंती आहे.