झिरोचा बल्ब खरंच झिरो असतो का?

मागच्या पावसाळ्यात आमच्या घराचं लाइट बिल सलग दोन महिने 100 युनिटच्या वर गेलं. 100 ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर कसा चढतो, हे बिल भरणाऱ्या घरांना सांगायला नको. मग आम्ही रोज रात्री घरभर फिरून एकेक बटण बंद करू लागलो. त्यात अम्मींच्या खोलीतला झिरोचा बल्बही बंद झाला. तिसऱ्या रात्री अम्मी उठल्या, उंबऱ्याला ठेच लागली आणि अंगठ्याचं नख गेलं. पेठच्या पावसात लाइट जाते तेव्हा अंधार असतोच. हा मात्र आम्ही आपल्या हाताने केलेला होता.

"झिरो आहे ना तो? मग बिल कसं वाढतं?" अम्मींनी विचारलं.

नाव झिरो, पण तारेचा तो छोटा रंगीत बल्ब 12 ते 15 वॅट खातो. जुन्या मीटरची चकती तेवढ्याने हलल्यासारखी दिसत नसे, म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात. 15 वॅट रोज दहा तास, म्हणजे महिन्याला साडेचार युनिट. हॉलमधला 9 वॅटचा एलईडी रोज पाच तास जळूनही दीड युनिट होत नाही! 2015 साली 'उजाला' योजना आली, त्यानंतर लोकांनी 60 वॅटचे बल्ब काढून एलईडी लावले. आम्हीही लावले. कोपऱ्यातला झिरो तेवढा राहून गेला.

मग आम्हाला हुशारी सुचली. अम्मींच्या खोलीत मोठा एलईडी लावला आणि त्याला डिमर बसवला. बटण अर्ध्यावर आणलं की बल्ब लुकलुकायचा, आणखी खाली नेलं की पटकन विझायचा. डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापतो, सेकंदाला 100 वेळा. जुन्या बल्बची तार तापलेली असते, तिला ती फट जाणवत नाही. साध्या एलईडीतलं सर्किट मात्र गोंधळतं. खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलं असेल तरच तो डिमरवर लावावा. तो महाग पडतो. आणि जुना बल्ब मंद करून बचत होते असं कुणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. तार थंड पडली की उजेड भराभर घटतो, वीज तेवढी घटत नाही. पंख्याचा जुना, गरम होणारा डबा रेग्युलेटर आठवतो ना, तोही पंखा हळू करायचा आणि वाचलेली वीज स्वतःच तापून उडवायचा.

शेवटी अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प आणला. रात्रभर लावला तरी महिन्याला पाव युनिटही नाही. तो वर छताजवळ न लावता दाराशेजारच्या खालच्या प्लगमध्ये लावला, म्हणजे उजेड थेट उंबऱ्यावर पडतो. सहेरीला उठणाऱ्यांनाही तो पुरतो. आम्ही पिवळा आणला होता. अम्मींनी दुसऱ्याच दिवशी दुकानात परत पाठवलं आणि हिरवा आणवला.