सहीच्या आधीचे शिक्षण

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांनी संशोधनपद्धती व नीतिशास्त्र यांचे प्राथमिक पाठ पुरे केलेच पाहिजेत, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ च्या विनियमांत ठरविले आहे. हा नियम स्वागतार्ह आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावर ऐकलेली काही व्याख्याने आणि अखेरीस एक परीक्षा, एवढ्या शिदोरीवर दुसऱ्याच्या देहावर प्रयोग करण्याची पात्रता अंगी येते, असे आम्हास वाटत नाही.

ही पात्रता नसली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी परदेशी जावयास नको. २००९ साली आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१० च्या एप्रिलमध्ये तो थांबवावा लागला. लस उपयुक्त आहे, आणि त्या काळात झालेले मुलींचे मृत्यू लशीमुळे झाले नाहीत, असे चौकशीत दिसून आले. तो वाद आम्ही उकरून काढीत नाही. आमचा प्रश्न संमतीचा आहे. आंध्रातील ज्या ९,५४३ संमतिपत्रांची तपासणी झाली, त्यांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. आईबाप गावी, मुलगी वसतिगृहात, आणि सही तिसऱ्याचीच! इंदूरमध्येही औषधचाचण्यांचे प्रकरण गाजले. २०१२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बारा डॉक्टरांना प्रत्येकी पाच हजार रुपये दंड केला. दंडाची ही रक्कम पाहून हसावे की रडावे, हे वाचकांनीच ठरवावे. तेथील स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला, नियम कडक झाले, आणि २०१९ साली नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या यांचे स्वतंत्र नियम आले.

नियम आले, पण ते पाळणारा माणूस कोण घडविणार? या प्रकरणांतील सारेच डॉक्टर दुष्ट होते, असे मानणे सोपे आहे, पण खरे नाही. रुग्णाला समोर एकच डॉक्टर दिसतो. त्याच्या हातात उपचार आहे की प्रयोग, हा भेद रुग्णाला कळत नाही, आणि तो कळावा ही जबाबदारी डॉक्टरांनाही पुष्कळदा उमगत नाही. हे कसब वॉर्डात, जाणत्या गुरूजवळ, वर्ष-दीड वर्ष बसूनच येते. म्हणून एम.डी. नंतर संशोधन व वैद्यकनीती यांची पूर्णवेळ फेलोशिप हवी. तीत संख्याशास्त्र असावे, नीतिसमितीच्या बैठकांत बसणे असावे, आणि फसलेल्या प्रयोगाचे निष्कर्षही प्रामाणिकपणे प्रसिद्ध करण्याची शिस्त असावी.

गोमंतकाने यात पुढाकार घेण्यास कारण आहे. १८४२ साली पणजीत निघालेल्या वैद्यकशाळेचा वारसा आज बांबोळीचे महाविद्यालय चालवीत आहे. तेथे सिंधुदुर्ग व कारवारकडूनही रुग्ण येतात. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही करणे म्हणजे काय, हे परकीय राजवट भोगलेल्या या भूमीस निराळे सांगावयास नको. शासनाने वर्षाला निदान दोन जागांपासून आरंभ करावा आणि विद्यावेतन सरकारी तिजोरीतून द्यावे. औषध कंपन्यांच्या पैशावर नीतिशास्त्र शिकविणे म्हणजे कुंपणालाच शेत राखावयास सांगणे होय.

पहिल्या तुकडीला पहिले कामही आम्ही सुचवितो. संमतिपत्रांची मराठी-कोकणी भाषांतरे पुष्कळदा इंग्रजी वाक्यांच्या सावल्या असतात. ती पेडणे व काणकोण येथील रुग्णांना वाचून दाखवावीत, आणि ज्या वाक्यापाशी रुग्ण अडेल ते वाक्य त्याच्यासमोरच बसून पुन्हा लिहावे.